कलम सातचे पादचारी

दिगंबरराव गानूंचा उजवा कोपर मोडला तो दोन हजार सहा साली, गणपतीच्या आदल्या आठवड्यात, आणि त्यात चूक रिक्षावाल्याची होती. हे आधी सांगून टाकलेलं बरं. कारण कसब्यात कुणी “काय झालं हो हाताला?” असं विचारलं, की दिगंबरराव आधी चूक कुणाची ते सांगत आणि मग सवड असली तर हाताकडे वळत. रिक्षावाला डावीकडून घुसला होता. ते स्वतः नियमाप्रमाणे डाव्या कडेनं, घंटी वाजवत, ताशी बारा किलोमीटर वेगानं जात होते. बारा हा आकडाही त्यांचाच. तो त्यांनी कसा मोजला हे विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

सहा आठवडे प्लास्टर होतं. ते निघालं त्या रविवारी त्यांचा मुलगा राजस जेवताना म्हणाला, “बाबा, आता बास. पुण्यात सायकल चालवणं म्हणजे सुसाइड आहे.” राजस हिंजवडीला एका कॉम्प्युटर कंपनीत होता. सकाळी सातला कंपनीच्या बसमध्ये चढायचा आणि रात्री नऊला उतरायचा, त्यामुळे पुण्याच्या रस्त्यांविषयी त्याचं मत काचेतून पाहून झालेलं होतं.

“चाळीस वर्षं चालवतोय,” दिगंबरराव म्हणाले.

“चाळीस वर्षांपूर्वी रस्त्यावर सगळ्या सायकलीच होत्या. आता तुम्ही एकटे उरलाय.”

“एकटे नाही उरले,” दिगंबररावांच्या पत्नी हेमाताई आमटी वाढत म्हणाल्या. “एवढे हट्टी मात्र हेच उरलेत.”

वाद अर्धा तास चालला. त्याच दिवशीच्या पेपरात बातमी होती की नदीच्या पुलापासून कर्वेनगरपर्यंत सायकलींसाठी वेगळा मार्ग आखायचा विचार सुरू आहे. राजसला सोमवारची कामं डोळ्यांसमोर दिसत होती. त्यानं बातमीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “हा ट्रॅक झाला की खुशाल चालवा. तोपर्यंत सायकलवर बसायचं नाही. प्रॉमिस?” दिगंबररावांनी शब्द दिला. गानूंच्या घरात शब्द मोडत नसत. माणसं मोडली तरी चालत.

आता सायकलीवाचून त्यांचं असं काय अडलं होतं, तर पद्मजाताई. पद्मजाताई त्यांची थोरली बहीण, वय त्र्याहत्तर, कर्वेनगरात एका सोसायटीत तळमजल्यावर एकटी राहायची. तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली आणि मग काचबिंदूनं तिची दृष्टी गेली. दिगंबरराव रोज सकाळी सव्वासातला कसब्यातून सायकलवर निघत, आठला दहा कमी असताना तिच्या दारात पोहोचत आणि तिला पेपर वाचून दाखवत. वाचून दाखवत म्हणजे भांडत. ते बातमीत आपलं मत घुसडत, ती म्हणायची, “छापलंय तेवढं वाच,” ते म्हणायचे, “छापणाऱ्याला कुठे अक्कल आहे,” आणि मग नऊपर्यंत दोघांची अशी काही जुंपायची की वरच्या मजल्यावरच्यांना बातम्या लावायची गरज पडत नसे. पण नऊ म्हणजे नऊ. नऊनंतरचा पेपर ही रद्दी, असं ताईचं ठाम मत होतं आणि रद्दी ती ऐकत नसे.

सायकल सुटली आणि बस आली. दोन बस बदलायच्या, पैकी दुसरी यायचीच असा नियम नव्हता. कधी साडेनऊ, कधी दहा. ताई दार उघडायची, “किती वाजले?” विचारायची आणि चहा टाकायला वळायची. पेपर घडी न मोडता परत यायचा. सहा महिने असे गेले. दिगंबरराव कुणाला बोलले नाहीत, पण त्यांना अतिशय वाईट वाटत होतं. जगात आपल्याशी बरोबरीनं भांडणारं एकच माणूस उरलंय आणि त्याच्यापर्यंत आपण वेळेत पोहोचू शकत नाही, हे त्यांना रोज दुसऱ्या बसच्या थांब्यावर उभं राहून कळत होतं.

तेव्हा त्या सायकलमार्गासाठी मोजणी होणार आणि मोजायला निवृत्त सरकारी माणसं पाहिजेत, अशी जाहिरात आली, आणि दिगंबरराव पहिल्याच दिवशी हजर झाले. काम एका खाजगी सल्लागार कंपनीकडे होतं, पथवेध नावाच्या. तिथे आम्रपाली रोकडे नावाची इंजिनिअर मुलगी होती, सत्तावीस-अठ्ठावीसची, चटपटीत, टेबलावर नकाशे आणि नकाशांवर चहाचे कप. तिनं अनुभव विचारला.

“चौतीस वर्षं पाटबंधारे. धरणाची पातळी लिहायचो.”

“मग तर काय, काका, प्रश्नच नाही.”

“एक सांगून ठेवतो,” दिगंबरराव म्हणाले. “एका वर्षी जलपूजनाला मंत्री यायचे होते. मांडव पडला होता, नारळ आले होते. धरण भरायला तीन इंच कमी होतं. वरून निरोप आला, भरलं म्हणून लिहा. मी तीन इंच कमी लिहिलं. पूजन झालंच, पण माझी बदली अशा कालव्यावर झाली की तिथे पाणीसुद्धा नव्हतं. तरी मी आकडा बदलला नाही.”

आम्रपालीला फार कौतुक वाटलं. तेव्हा वाटलं, असं नंतर ती म्हणायची.

तिनं त्यांना मोजणीचं पुस्तक दिलं, तक्ते दिले आणि नकाशा दिला. पुस्तक परदेशातल्या कुठल्याशा पुस्तकावरून मराठीत केलेलं होतं. नकाशावर कर्वेनगरच्या अलीकडे, ओढ्याच्या पुलापाशी, एक लाल ठिपका होता. तिथे बसायचं. सकाळी आठ ते अकरा, सलग तीन दिवस, मोटारी, स्कूटर, रिक्षा, बस, सायकली, पादचारी, सगळं वेगवेगळ्या रकान्यात. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.

दिगंबररावांनी पट्टी लावून ठिपका कुठे येतो ते काढलं. आदल्या संध्याकाळी जाऊन पावलांनी मोजून खात्री केली. ठिपका बरोबर अशा जागी येत होता जिथे इंटरनेटची केबल टाकायला रस्त्याची डावी कड खणून ठेवली होती. खड्डा लांबलचक, त्याच्या कडेला मातीचा ढीग, ढिगाच्या अंगानं जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. मोटारी आणि स्कूटर उरलेल्या रस्त्यातून रेटून जात. सायकलवाल्यांना त्यांच्यात कोण शिरू देणार? ते बिचारे खाली उतरत, सायकल हातात धरून साठएक पावलं चालत आणि खड्डा संपला की पुन्हा बसत. दिगंबररावांचं घडीचं स्टूल आलं या साठ पावलांच्या नेमकं मधोमध.

त्यांनी आम्रपालीला फोन केला, ठिपक्याच्या जागी खड्डा आहे म्हणून. ती गडबडीत होती. म्हणाली, “काका, पन्नास मीटर इकडेतिकडे बसलात तरी चालेल हो.”

“ठिपका म्हणजे ठिपका,” दिगंबरराव म्हणाले आणि फोन ठेवला.

पहिल्या दिवशी आठ वाजता स्टूल, छत्री, पाण्याची बाटली, दोन पेनं. पहिली दहा माणसं सायकल हातात धरून समोरून गेली, तसं दिगंबररावांनी पुस्तक उघडलं. शंका असेल तर पुस्तक पाहावं, हे त्यांचं चौतीस वर्षांचं वळण. कलम सात स्पष्ट होतं: वाहन हातात धरून चालणारी व्यक्ती पादचारी समजावी. झालं. त्यांनी दहा पादचारी लिहिले, दोन टुमदार जुड्या.

आता तुम्ही म्हणाल, माणूस समोर सायकल धरून चाललाय, पुढे जाऊन बसणार आहे, हे दिसत नव्हतं का? हातच्या कांकणाला आरसा कशाला! दिसत होतं की. डोळे उत्तम होते त्यांचे. पण दिसणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. शिवाय त्यांना असंही वाटत होतं, की मार्ग होणार हे ठरलेलंच आहे आणि ही मोजणी म्हणजे वरातीमागून घोडं. चौतीस वर्षांच्या नोकरीत निर्णय आधी आणि आकडे मागाहून, असंच त्यांनी पाहिलं होतं. तेव्हा आकडे काही का येईनात, आपण ते चोख लिहावेत.

त्या वाटेनं रोज एक बाई जायची. चंपाबाई. कर्वेनगरातल्या बालवाडीत शिकवायची, सायकलच्या हँडलला दोन पिशव्या, एकीत रंगीत कागद आणि दुसरीत डबा. दुसऱ्या दिवशी ती दिगंबररावांपाशी थांबली.

“काका, सायकलच्या रस्त्यासाठी मोजताय ना?”

“हो.”

“होऊ दे बाई लवकर. परवा बसवाल्यानं असं दाबलं, पिशव्यांसकट मातीत गेले. आम्हाला मोजलंत ना?”

“मोजलं,” दिगंबरराव म्हणाले. ते खरंच होतं. कुठल्या रकान्यात मोजलं, ते तिनं विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास आम्रपाली स्कूटीवरून आली, हेल्मेट काढायच्या आत तिनं तक्ते मागितले. पहिला दिवस, सायकली एकतीस, पादचारी अकराशे बारा. दुसरा दिवस, सायकली सत्तावीस. तिनं दोनदा पान उलटून पाहिलं.

“काका, इथे एवढे पादचारी कुठून आले?”

दिगंबररावांनी तिला कलम सात दाखवलं. पानाला खूण घालून ठेवली होती.

आम्रपाली खड्ड्याकडे बघत उभी राहिली. दहा मिनिटांत बेचाळीस माणसं सायकली धरून समोरून गेली. तिनं बोटांवर मोजली. मग ती स्टुलाशेजारी मातीच्या ढिगावरच बसली.

“अहो काका, हे सगळे सायकलवाले आहेत.”

“पुढे असतील. ठिपक्यावर पादचारी आहेत.”

“ताशी दोनशे सायकली भरल्या नाहीत, तर मार्ग होत नाही. माहितीये तुम्हाला? वरच्यांचा निकषच आहे तसा. दोनशेच्या खाली गेलं, तर ती जागा दुसऱ्या कशाला तरी जाणार.”

हे दिगंबररावांना माहीत नव्हतं. त्यांनी बाटलीतलं पाणी प्यायलं. आपलाच मार्ग आपण तीन दिवस चार उभ्या आणि एक आडवी रेघ मारून पुसत होतो, हे त्यांना लख्ख कळलं. पद्मजाताईचं दार त्यांच्या डोळ्यांपुढे आलं.

“काळजी करू नका,” आम्रपाली म्हणाली. मनानं फार चांगली मुलगी. “उद्याचा एक दिवस आहे आपल्याकडे. पन्नास मीटर पुढे बसा, जिथे लोक पुन्हा सायकलवर बसतात तिथे. हे तीन दिवस रद्द करू. फक्त रद्द करायचं कारण लिहून सही लागेल तुमची.” तिनं एक छापील कागद काढला. कारणांच्या यादीत पाऊस होता, दंगल होती, मिरवणूक होती. पाऊस पडला नव्हता, दंगल झाली नव्हती. उरलं एकच, आणि तिनं पेननं त्यावर हलकी खूण केली. गणकाची चूक.

दिगंबररावांनी तो कागद लांब धरून वाचला आणि परत दिला.

“माझी चूक नाही.”

“मला माहितीये, काका. फॉर्मालिटी आहे.”

“कलमाची चूक आहे. तसं लिहा.”

“कलमाला सही करता येत नाही ना!”

“मग ठिपक्याची लिहा. ठिपका तुम्ही काढला होता.”

आम्रपालीचा चेहरा पडला, पण ती म्हणाली, “बरं, माझी चूक लिहिते. पण तक्ते तुमचे आहेत, सही तुमचीच लागेल. संध्याकाळी पाचपर्यंत ऑफिसात या. काका, प्लीज. एका ओळीचं काम आहे.”

एका ओळीचं होतं, म्हणून तर जड होतं. दिगंबरराव घरी गेले, जेवले नाहीत, पाटावर वही घेऊन बसले. हेमाताईंनी विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “अहो, करून टाका सही. तुमच्याच सायकलसाठी करायचीय ना?”

“तेच तर,” दिगंबरराव म्हणाले. “स्वतःच्या सायकलसाठी आकडा फिरवला असं होईल.”

“फिरवायचा कुठे आहे? पुन्हा मोजायचाय.”

उत्तर नसलं की दिगंबरराव लिहायला घेत. त्यांनी चार वाजेपर्यंत सहा पानी पत्र लिहिलं. त्यात गणकाची चूक का नाही याची अकरा कारणं होती, धरणाची हकिकत होती आणि कलम सातमध्ये काय दुरुस्ती करावी त्याचा मसुदाही होता. साडेचारला त्यांनी ते आम्रपालीच्या टेबलावर ठेवलं. तिनं सहाव्या पानाच्या तळाशी पाहिलं. पत्रावर सही होती. छापील कागदावर नव्हती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात तो हा.

अहवाल त्याच तीन दिवसांच्या आकड्यांवर गेला. पत्र सोबत जोडलं होतं म्हणे, पण सहा पानं वाचायला कुणाला वेळ असतो?

दीड वर्षानं रस्ता झाला. पादचाऱ्यांची विलक्षण संख्या लक्षात घेऊन नदीच्या पुलापासून कर्वेनगरपर्यंत तीन मीटर रुंद पदपथ बांधला होता. लाल-पिवळ्या फरश्या, मधून मधून बाक. उरलेला रस्ता तेवढा अरुंद झाला. केबलचा खड्डा केव्हाच बुजला होता, त्यामुळे सायकलवाले आता न उतरता जात होते, बस आणि पदपथाची कड यांच्यामधल्या फटीतून. पदपथावर सकाळी आठला तीन माणसं आणि एक कुत्रं दिसे.

राजसनं पदपथ पाहिला आणि म्हणाला, “छान झालाय. पण ट्रॅक नाहीये, बाबा. शब्द म्हणजे शब्द.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी सायकल बाहेर काढली. बसायचं नाही असा शब्द होता, धरायचं नाही असा नव्हता. बसचा त्यांना वीट आला होता आणि नुसतं रिकाम्या हातांनी चालणं हे त्यांना हरल्यासारखं वाटत होतं. हँडलला पेपरची पिशवी अडकवून ते पावणेआठला कसब्यातून चालत निघाले. कसब्यात कुणी वळून पाहिलं नाही, तिथे सायकल धरूनच चालावं लागतं. नदीच्या पुलापुढे पदपथ लागला. फरश्या गुळगुळीत होत्या.

ओढ्याच्या अलीकडे मागून घंटी वाजली. चंपाबाई होती. एक बस तिला अगदी घासून गेली, तशी ती थांबली आणि एक पाय पदपथाच्या कडेवर टेकवून धापा टाकत हसली. पिशव्या तशाच होत्या.

“काका! ओळखलंत का? आणि हे काय, पंक्चर झाली?”

“नाही.”

“सायकलचा रस्ता काही झाला नाही बघा आपला.” तिनं पदपथाकडे पाहिलं. “तुम्ही तर मोजलं होतं सगळ्यांना. तीन दिवस उन्हात बसला होतात, मी सांगितलं होतं घरी. मग आम्हीच कमी पडलो असू.”

दिगंबररावांनी तोंड उघडलं. अकरा कारणं तयार होती. त्यातलं एकही बाहेर येईना. मागून दुसरी बस हॉर्न वाजवत आली. “येते हं काका, पोरं येतील,” म्हणत तिनं पाय उचलला आणि ती फटीत शिरली. पुढच्या वळणापर्यंत तिच्या पिशव्या दिसत होत्या, एकदा बसकडे झुकायच्या, एकदा फरश्यांकडे.

पद्मजाताईच्या दारात ते पोहोचले तेव्हा सव्वानऊ झाले होते. तिनं दार उघडलं आणि किती वाजले ते विचारलं. त्यांनी सांगितलं. ती चहा टाकायला वळली.

“ताई, जरा बस,” दिगंबरराव म्हणाले. त्यांनी तिला सगळं सांगितलं, ठिपका, कलम, छापील कागद, सहा पानं आणि आत्ताची चंपाबाई. मध्ये एकदाही स्वतःचं मत घुसडलं नाही.

“चूक माझी झाली,” ते म्हणाले.

पद्मजाताईला या भावाची अडुसष्ट वर्षांची सवय होती. त्याच्या प्रत्येक वाक्याला तिच्याकडे एक उत्तर असे. या वाक्याला नव्हतं, कारण ते तिनं कधी ऐकलंच नव्हतं. तिनं हात पुढे करून त्याचा हात शोधला. मोडलेल्या कोपराचाच हात सापडला.

“खरे किती होते रे? सायकलवाले?”

“सातशेच्या वर. रोज.”

“मला काय सांगतोस? तिला सांग. ती बिचारी घरी जाऊन सांगत असेल, आपण कमी पडलो म्हणून.”

“आता सांगून काय उपयोग?”

“उपयोग कुणी विचारला?” ताई म्हणाली. “किती वाजता जाते ती तिथून?”

“साडेआठ.”

“मग उद्या साडेआठला तिथे उभा राहा. ती आली की तिला थांबव आणि आत्ता मला म्हणालास ते म्हण.”

“तिथून इथे यायला नऊ वाजून जातील, ताई.”

“जाऊ देत,” ती म्हणाली. “नऊनंतर ये. मी ऐकेन पेपर.”